शाल नको, शिक्का द्या!

माजी सैनिकांच्या मुलांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती! मुलींना महिना ३००० रुपये, मुलांना २५००. मिळवून दाखवा! फौजेतून निवृत्त होताना मिळालेल्या डिस्चार्ज बुकात पोरीच्या ‘दीपाली’ला डबल ई, मार्कशीटवर एकच आय. झालं! म्हणजे ती माझी पोरच नव्हे! लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसातून पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंद दुरुस्त केल्याचा हुकूम, आणा म्हणे. सियाचीनला धाडताना कुणी स्पेलिंग तपासलं होतं का? सैनिक बोर्डाचा बोनाफाईडचा नमुना कॉलेजात दिला, तर क्लार्क म्हणतो, “आमच्याच फॉरमॅटमध्ये मिळेल.” बँकेत आधार जोडल्याचा दाखला मागावा, तर साहेब जेवायला गेलेले. अकरा वाजता कसलं जेवण रे बाबांनो? इकडे पोर्टलची मुदत संपत आलीय. आणि पंधरा ऑगस्टला हेच कॉलेज सत्काराला बोलावणार, शाल-नारळ घेऊन. अहो, शाल ठेवा, त्या फॉर्मवर शिक्का मारा आधी!