बारा तास आणि रिलीव्हर

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यातली कामाची रोजची मर्यादा ९ वरून १२ तासांवर न्यायला मंजुरी दिली, तेव्हापासून आमच्या सांगलीकरांच्या ग्रुपवर दोन तट आहेत. एक म्हणतो पिळवणूक, दुसरा म्हणतो जादा तासांचे दुप्पट पैसे मिळतात, मग बिघडलं कुठं? मधूनच कुणीतरी नारायण मूर्तींचे आठवड्याला ७० तास आणून टाकतो.

मी स्टुटगार्टजवळ मशीनच्या कारखान्यात आहे, त्यामुळे "तुझं काय बाबा, सुखात हाईस" हे ठरलेलं. थोडं आहेच. इथल्या १९९४ च्या कायद्यात दिवसाचे ८ तास आहेत, ताणून १०. पण मला मोलाचं वाटतं ते दुसरंच कलम: सुटल्यापासून पुन्हा कामावर येईपर्यंत सलग ११ तास विश्रांती. रात्री दहाला सुटलेल्याला सकाळी सहाला बोलावता येत नाही.

आता आमच्या सांगलीजवळची कुपवाड एमआयडीसी. माझा मावसभाऊ तिथं सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचा ऑपरेटर. सेकंड शिफ्ट सुटायला आली की त्याचं अर्धं लक्ष गेटकडं: रिलीव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, येतोय का? त्यानं खाडा केला की सुपरवायझर खांद्यावर हात टाकतो, "आजच्या दिवस ओढ, डिस्पॅच हाय." मग थर्डही यानंच करायची. पहाटे चारला ऑफसेट, म्हणजे टूलच्या मापाची दुरुस्ती, द्यायचा राहतो, भोकाचं माप चुकतं, जॉब, म्हणजे घडवलेला पार्ट, रिजेक्ट. बोलणी यालाच. तरी ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, बंद करा म्हटलं तर पहिला तोच भांडेल, कारण गाडीचा हप्ता ओटीवरच जातो.

नव्या नियमात कामगाराची लेखी संमती लागणार आहे. रात्री अकराला रिकाम्या गेटसमोर नाही म्हणायची कुणाची छाती आहे?

जर्मनीत माणसं कोलमडत नाहीत असं नाही. आमच्या कारखान्यातला एक जण कित्येक महिने घरी होता. परतला तो आधी रोज चार तासांवर, मग हळूहळू पूर्णवेळ. तोवर त्याचं मशीन बघायला माणूस होता. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामानं पार थकून कोलमडण्याची, व्याख्या करताना कारण कामाच्या जागेवरच्या न आवरलेल्या ताणात दाखवलं. आपल्याकडं उपाय म्हणजे प्राणायामाचं व्याख्यान, तेही शिफ्ट सुटल्यावर.

माझं म्हणणं, तासांवर भांडा, पण आधी प्रत्येक शिफ्टला एक जादा ऑपरेटर मागा. कुपवाडच्या छोट्या शॉपवाल्याला तो परवडणार नाही, हे खरंय. मग त्याच्याकडून जॉब करून घेणाऱ्या बड्या कंपन्यांनी तेवढा दर वाढवून द्यावा. ग्रुपवर या कंपन्यांचं नाव मात्र कुणी काढत नाही.