‘खरा सुतार चार क्लॅम्पमध्ये भागवतो’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. फळ्या जोडायला शिकणाऱ्यांसाठी माझ्या लेखात दहा क्लॅम्पची, म्हणजे लाकूड आवळून धरायच्या शिकंज्यांची, यादी होती : सहा पाइप क्लॅम्प (लोखंडी पाइपवर आवळायचं तोंड आणि सरकतं शेपूट बसवलेले) आणि चार एफ-क्लॅम्प (F आकाराचे, दांड्यावर एक जबडा सरकणारे). त्यावरच्या आपल्या प्रतिक्रियेत मुद्दे थोडे आणि टोमणे जास्त आहेत. ‘सुरुवातीलाच दहा क्लॅम्पची यादी देणं म्हणजे नवख्यांना खड्ड्यात घालणं, खरा सुतार चार क्लॅम्पमध्ये भागवतो. लेखकाने कधी टेबलाची फळी जोडली असेल असं वाटत नाही,’ असं आपण लिहिलंत. त्याशिवाय पाइपचे डाग पडतात, समांतर जबड्याचे क्लॅम्प (आवळताना दोन्ही जबडे समांतर राहतात असे) का नाहीत आणि पाचरी का नकोत, यांवर एकेक ओळ. शेवटच्या शेऱ्याबद्दल एवढंच सांगतो : माझं अर्धं आयुष्य लाकडाच्या भुशात गेलंय. तरीही ज्याचं काम पाहिलेलं नाही त्याच्याबद्दल असं ठोकून द्यायची हिंमत मला होत नाही. आपल्याला होते.

आता ते ‘चार’. कशासाठी चार? काम न सांगता आकडा फेकला की तो खोडताही येत नाही, म्हणून काम मीच ठरवतो. 75 मिमी रुंद, 20 मिमी जाड आणि 900 मिमी लांब अशा दोन फळ्या कडेला कड लावून चिकटवायच्या आहेत. क्लॅम्पचा दाब लाकडात साधारण 45 अंशांनी दोन्हीकडे पसरतो. सांधा कडेपासून 75 मिमी आत आहे, म्हणजे एक क्लॅम्प सांध्याची जवळपास 150 मिमी लांबी सांभाळतो. 900 भागिले 150, सहा. यादीतले सहा पाइप क्लॅम्प इथून आले.

फळ्या 150 मिमी रुंद असतील तर तीन पुरतात, हे खरं. अरुंद फळ्यांनाही बाहेरून 50 मिमी जाडीची सरळ पट्टी लावली की दाब पसरायला 125 मिमी मिळतात आणि चारमध्ये काम होतं. पण त्या पट्टीचा आपल्या प्रतिक्रियेत उल्लेखही नाही. नवख्याने नुसतं ‘चार’ वाचलं, तर तो चार क्लॅम्प थेट कडेवर आवळेल. क्लॅम्पसमोर गोंद बाहेर येईल, मधल्या जागेत सांध्याला पुरेसा दाब मिळणार नाही आणि पहिल्या उन्हाळ्यात तिथेच चीर दिसेल.

शिवाय ‘चार’ कोणते? वरच्या सांध्याचं क्षेत्रफळ 180 चौरस सेंटिमीटर भरतं. नेहमीच्या पांढऱ्या गोंदाला मऊ लाकडात दर चौरस सेंटिमीटरला 7 ते 10 किलो दाब लागतो, कठीण लाकडात 12 ते 17. म्हणजे मऊ लाकडालाही एकूण 1260 ते 1800 किलो. पाऊण इंची पाइपचा क्लॅम्प नीट आवळला तर साडेचारशे किलोच्या आसपास दाब देतो. असे चार, बाहेरच्या पट्टीसह, लावले तर मऊ लाकडाचं भागतं, कठीण लाकडाला सहा लागतात. हलका एफ-क्लॅम्प त्याच्या निम्माही देत नाही. स्प्रिंगच्या चिमट्यांचं तर नावच नको. आणि पाइप पाऊण इंचीच घ्यायचा, कारण अर्धा इंची पाइप लांबीवर वाकतो. क्लॅम्प आळीपाळीने एक खालून, एक वरून लावायचे. सगळे एकाच बाजूला लावले तर फळीला कमान येते.

उरलेले चार एफ-क्लॅम्प शोभेचे नाहीत. फळीच्या दोन्ही टोकांना, एक वर आणि एक खाली अशा, आडव्या पट्ट्यांच्या जोड्या लावायच्या असतात, नाहीतर आवळताना फळ्या एकमेकींवर सरकतात. दोन जोड्या, प्रत्येकीला दोन एफ-क्लॅम्प. त्या पट्ट्या मध्ये मिलिमीटरभर फुगीर रंधायच्या, म्हणजे टोकं आवळल्यावर मधेही दाब बसतो, आणि लाकडाकडच्या बाजूला चिकटपट्टी लावायची, नाहीतर पट्टीच फळीला चिकटते. पांढरा गोंद जेमतेम पाच-दहा मिनिटं हातात देतो. तेवढ्यात क्लॅम्प शोधत फिरायचं नसेल, तर सगळे आधी मापावर उघडून, गोंदाशिवाय कोरडे लावून बघायचे. कडा रंधून सरळ केलेल्या नसतील तर दहा काय, वीस क्लॅम्पही काही करू शकत नाहीत. हे मूळ लेखात ठळक अक्षरांत आहे. वाचलं असावं अशी आशा.

डागांचं मान्य. काळा, म्हणजे जस्ताचा मुलामा नसलेला लोखंडी पाइप ओल्या गोंदाला लागला की टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) असलेल्या लाकडावर काळे पट्टे उमटतात आणि ते खोलवर जातात. पाइप आणि फळी यांच्यामध्ये मेणकागदाची पट्टी टाकायची. ही ओळ लेखात घालतो.

समांतर जबड्याचे क्लॅम्प यादीत ‘नंतर’ या भागात आहेत. कपाटाचा सांगाडा काटकोनात धरायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. नुसती फळी जोडायला पहिल्या दिवशी ते लागत नाहीत. पाचरींना माझा विरोध नाही. जाड फळीवर दोन अडसर ठोकून उलटसुलट दोन पाचरी मारल्या की दाब उत्तम बसतो. फक्त रुंदी बदलली की अडसर पुन्हा ठोका. पाइप क्लॅम्पचं शेपूट सरकवायला दोन सेकंद लागतात, आणि लांब काम आलं तर तेच तोंड-शेपूट लांब पाइपवर चढवता येतं.

यापुढे आकडा लिहाल तेव्हा फळीची रुंदी, लांबी आणि लाकूड कोणतं तेही लिहा. त्याशिवाय आलेल्या ‘चार’ला उत्तर देत बसणार नाही.