बारा आऱ्यांचं चाक आणि गाळलेली ओळ

गेल्या आठवड्यात नात्यातल्या ग्रुपवर एक मेसेज आला, आणि दोन दिवसांत तोच आणखी तीन ग्रुपांवर फिरला. मजकूर थोडक्यात असा: बारा राशी, सात वार, जन्मकुंडली आणि अंकशास्त्र हे सगळं आपल्या ऋषींनी पाच हजार वर्षांपूर्वी वेदांत सांगून ठेवलं, ग्रीकांनी ते इथून उचललं. पुरावे चार. ऋग्वेदातलं बारा आऱ्यांचं चक्र, राशींची संस्कृत नावं, ‘अहोरात्र’वरून आलेला ‘होरा’ शब्द आणि अक्षरांना अंक देण्याची कटपयादी पद्धत.

माझे आजोबा गावात पंचांग सांगत. पत्रिका मांडायला मी त्यांच्याकडेच शिकले. पत्रिकेवर विश्वास ठेवावा की नाही हा वाद वेगळा, आज मी त्यात शिरत नाही. पण ती आली कुठून, याबद्दल असं काहीबाही पसरतं तेव्हा आपल्याच जुन्या ग्रंथकारांवर अन्याय होतो, म्हणून हे लिहिते आहे.

आधी ते चक्र. पहिल्या मंडलातल्या १६४व्या सूक्ताची ११वी ऋचा. मेसेजमध्ये तिची पहिलीच ओळ दिली आहे: ‘द्वादशारं नहि तज्जराय वर्वर्ति चक्रं परि द्यामृतस्य’. बारा आऱ्यांचं, कधी न झिजणारं ऋताचं, म्हणजे विश्वाच्या नियमाचं चाक आकाशाभोवती फिरतं आहे. दुसरी ओळ गाळली आहे: ‘आ पुत्रा अग्ने मिथुनासो अत्र सप्त शतानि विंशतिश्च तस्थुः’. हे अग्ने, या चाकावर जोडीजोडीने ७२० पुत्र उभे आहेत. ३६० दिवस आणि ३६० रात्री. मग बारा आरे म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको: वर्षाचे बारा महिने. त्याच मंडलात २५व्या सूक्तात वरुणाला बारा महिने ठाऊक आहेत आणि वर ‘उपजणारा’ही ठाऊक आहे असं म्हटलं आहे. हा उपजणारा म्हणजे आपला अधिक महिना. राशी कधी अधिक होत नाही, महिना होतो.

वेदकाळाला जोडून ज्योतिषाचा एक ग्रंथ खरोखरच आहे, आणि मेसेजमध्ये त्याचं नावही नाही याचं मला फार वाईट वाटतं. लगधाचं वेदांगज्योतिष. ऋग्वेदाच्या शाखेतला त्याचा पाठ जेमतेम ३६ श्लोकांचा. पाच वर्षांचं युग, त्यात १८३० दिवस, ६२ चांद्रमास, म्हणजे दोन अधिक महिने, २७ नक्षत्रं, तिथी, धनिष्ठांच्या आरंभी सुरू होणारं उत्तरायण. सगळा हिशोब यज्ञाचा काळ चुकू नये म्हणून. त्यात मेष नाही, वृषभ नाही, रविवार नाही, पत्रिकेतलं लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास) नाही, कुणाचं भविष्यही नाही. या दुर्बोध श्लोकांचा अर्थ लावण्यासाठी दापोलीजवळच्या मुरुडच्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी किती डोकं शिणवलं, हे त्यांचा १८९६ साली छापलेला भारतीय ज्योतिषाचा मराठी इतिहास उघडला की कळतं. महाभारतातही तेच. भीष्मपर्वात अपशकुन सांगताना शनी रोहिणीला पीडतो, म्हणजे ग्रहाची जागा नक्षत्रावरून सांगितली आहे, राशीवरून नाही.

मग राशी कुठल्या? ग्रीकांच्याही नव्हेत. आजच्या इराकमध्ये, बाबिलोनच्या ज्योतिषांनी इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात सूर्याच्या मार्गाचे तीस-तीस अंशांचे बारा सारखे भाग पाडले. मातीच्या पाट्यांवर कोरलेल्या, जन्मवेळची ग्रहस्थिती नोंदवणाऱ्या सर्वांत जुन्या दोन नोंदी इ.स.पू. ४१०च्या आहेत. पुढे ग्रीक राजवटीतल्या इजिप्तमध्ये त्यात लग्न आणि बारा स्थानं आली, आणि ते सगळं इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत आपल्याकडे पोचलं.

नावं संस्कृत आहेत, हे खरं. पण वराहमिहिराचं बृहज्जातक घ्या, सहाव्या शतकातला पत्रिकेवरचा ग्रंथ. आजोबांच्या प्रतीत पहिल्या अध्यायाची पानं हाताळून मऊ पडली आहेत. त्यात राशींची दुसरी नावं एका श्लोकात येतात: क्रिय, तावुरि, जितुम, कुलीर, लेय, पाथोन, जूक, कौर्पि, तौक्षिक, आकोकेर, हृद्रोग. कुलीर सोडला तर यांतल्या एकाचाही संस्कृतात धड अर्थ लागत नाही. ग्रीक नावं शेजारी ठेवा: क्रिऑस, टॉरोस, डिडिमोई, लेऑन, पार्थेनोस, झिगोन, स्कॉर्पिऑस, टोक्सोटेस, ऐगोकेरोस, हिद्रोखोऑस. लहानपणी मी आजोबांना विचारलं होतं, कुंभेला हृदयाचा रोग का म्हणतात? ते म्हणाले, तो रोग नव्हे, यवनांचा, म्हणजे ग्रीकांचा, शब्द आपल्या जिभेवर असा बसला. तीन श्लोक आधी राशींची रूपं दिली आहेत. धनू म्हणजे मागून घोडा असलेला धनुर्धारी माणूस, मकर मृगाच्या तोंडाचा, कन्या नावेत बसलेली, हाती धान्य आणि अग्नी. बाबिलोनच्या पाट्यांवर मकरेच्या जागी बोकड-मासा आहे आणि कन्येच्या जागी शेतात नांगराने पाडलेला तास (सरी). धान्य तिच्या हाती कुठून आलं ते दिसतंच.

‘होरा’ची व्युत्पत्तीही याच अध्यायात आहे: ‘होरेत्यहोरात्रविकल्पमेके’. शेवटचा शब्द बघा, ‘एके’. ‘होरा’ हे ‘अहोरात्र’चं रूप, असं काहीजण म्हणतात. केंद्र, द्रेष्काण, पणफर, आपोक्लिम, जामित्र हे पत्रिकेतले शब्दही ग्रीकच. आणि आपल्या बृहत्संहिता या दुसऱ्या ग्रंथात वराहमिहिर स्वच्छ लिहितो: ‘म्लेच्छा हि यवनास्तेषु सम्यक् शास्त्रमिदं स्थितम्, ऋषिवत्तेऽपि पूज्यन्ते’. यवन म्लेच्छ, म्हणजे परके, खरे, पण हे शास्त्र त्यांच्याकडे नीट रुजलेलं आहे, म्हणून त्यांचाही ऋषींसारखा मान होतो. पंधराशे वर्षांपूर्वी उज्जैनच्या बाजूचा हा पंडित जे मोकळेपणाने सांगतो, ते आपण का खोडायचं? आपल्या लोकांनी घेतलं तसं भरही घातली. नक्षत्रांवरच्या दशा (आयुष्यातले ग्रहांचे कालखंड), राहू-केतू, नवांश (राशीचे नऊ भाग) ही आपली भर, आणि नवांश तर पुढे अरबी ज्योतिषांनी आपल्याकडून नेला.

वारांचा क्रम गणितातून निघतो. पृथ्वीपासून दूर ते जवळ ग्रह मांडा: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाच्या २४ होरा या क्रमाने वाटा. पहिली होरा शनीची, तर बाविसावी पुन्हा शनीची, तेविसावी गुरूची, चोविसावी मंगळाची, आणि दुसऱ्या दिवसाची पहिली रवीची. म्हणून शनिवारनंतर रविवार. सूर्यसिद्धान्त या आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथातही हाच नियम आहे. पण दिवसाचे २४ भाग ही इजिप्तची मोजणी. वेदांगज्योतिषात दिवसाचे ३० मुहूर्त आणि ६० नाडिका आहेत, ग्रह वरच्या क्रमाने घेतले तर त्यातून वार असे निघत नाहीत. आपल्याकडे वाराचा सर्वांत जुना पक्का शिलालेख मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यातल्या एरणचा, गुप्त सम्राट बुधगुप्ताच्या काळातला, इ.स. ४८४चा: गुरुवार. इटलीतल्या पॉम्पेईच्या भिंतींवर ग्रहांच्या नावाचे वार खरडलेले आहेत, आणि ते शहर इ.स. ७९मध्येच राखेखाली गेलं.

राहिलं अंकशास्त्र. अक्षरांना अंक देऊन शब्दांचे अर्थ काढणं ग्रीक आणि हिब्रू लोकांत जुनं आहे. पण मूलांक, भाग्यांक आणि नावाचं स्पेलिंग बदलून नशीब फिरवणं हा प्रकार विसाव्या शतकात अमेरिका-इंग्लंडमधून आला. ‘कीरो’ या नावाने गाजलेल्या आयरिश हस्तसामुद्रिकाने त्याला खाल्डियन (बाबिलोनकडचं) म्हटलं, इतरांनी पायथागोरसचं नाव लावलं. त्याचा आधार इंग्रजी जन्मतारीख आणि इंग्रजी २६ अक्षरं. ही तारखेची पद्धत १५८२ची, इंग्रजांनी ती १७५२मध्ये घेतली. ‘J’ हे अक्षर ‘I’पासून वेगळं मानायला लागले ते सोळाव्या-सतराव्या शतकात. वेदांत हे असणार कसं?

कटपयादी मात्र अस्सल आपली, आणि तिचं काम निराळं. आकडे शब्दांत बांधायचे, म्हणजे पाठ होतात. मेचकल्याणी रागाचं नाव घ्या. ‘मे’ म्हणजे ५, ‘च’ म्हणजे ६, उलट वाचा: ६५. कर्नाटक संगीताच्या ७२ मेळांत (मूळ रागांत) हा पासष्टावा. यात कुणाचं भाग्य नाही, क्रमांक आहे.

मेसेज पाठवणाऱ्या मामांना मी हे सगळं फोनवर सांगितलं. ते म्हणाले, आता एवढ्या लोकांना पाठवून झालं, काय करू? मी म्हटलं, निदान त्या ऋचेची दुसरी ओळ तरी त्याच ग्रुपांवर पाठवा.