म्हणे, तूप बंद करा!

माझ्या आतेबहिणीच्या मुलाला सिस्टिक फायब्रोसिस आहे, म्हणजे शरीरातले स्राव चिकट होऊन फुफ्फुसं आणि पचन बिघडवणारा जन्मजात आजार. एका फॉरवर्डवर विश्वास ठेवून तिने त्याच्या वरणभातावरचं तूपच बंद केलं. मजकूर असा: ‘सोनोग्राफीत स्वादुपिंड पांढरं दिसतंय? म्हणजे तुपाची चरबी साचली. तूप बंद, एन्झाइमच्या कॅप्सूल बंद, पोट दुखलं तर एरंडेल. आजार छातीचा, पोटाची सोनोग्राफी ही निव्वळ लूट.’

डोकंच फिरलं. या आजारात पाचकरस चिकट होतो, स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबतात, ग्रंथी हळूहळू मरते आणि तिच्या जागी चरबी नि तंतू भरतात. म्हणून ते पांढरं दिसतं. त्याचा पानातल्या तुपाशी काडीचा संबंध नाही. उलट ग्रंथीच गेल्यामुळे खाल्लेलं तूप पचत नाही. शी तेलकट, उग्र वासाची होते, पाण्यावर तरंगते आणि पोर वाळत जातं. त्यावर उपाय म्हणजे जेवणाबरोबर पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल, आणि स्निग्ध पदार्थ भरपूर. हा प्रयोग होऊन गेलाय. बोस्टनमध्ये या मुलांना कमी चरबीचा आहार देत, टोरांटोत एन्झाइमसकट भरपूर चरबीचा. 1988 साली दोन्हीकडच्या रुग्णांची तुलना छापून आली. फुफ्फुसांची क्षमता जवळपास सारखी, पण टोरांटोची मुलं उंच, आणि निम्मे रुग्ण ज्या वयापर्यंत जगत ते तिथे 30, बोस्टनला 21. आता बोला.

एन्झाइमबद्दल अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. फार मोठ्या डोसवर असलेल्या काही मुलांचं मोठं आतडं आकसल्याचं 1994 मध्ये इंग्लंडमधून नोंदवलं गेलं. तेव्हापासून दिवसाला वजनाच्या किलोमागे 10,000 युनिट लायपेज (चरबी पचवणारं एन्झाइम) ही मर्यादा पाळतात. म्हणजे डोस मोजून द्यायचा, बंद नाही करायचा.

‘छातीचा आजार’? 1938 मध्ये डोरोथी अँडरसन यांनी त्याचं वर्णन केलं तेच स्वादुपिंडाचा आजार म्हणून. काही बाळांचं आतडं तर जन्मतःच घट्ट शीने तुंबलेलं असतं. पुढे यकृत खडबडीत होतंय का, प्लीहा वाढतेय का, हे सोनोग्राफीत दिसतं. तिच्यात क्ष-किरणही नसतात.

आणि एरंडेल! या मुलांत लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्यापाशी, पोटात उजवीकडे खाली, चिकट मळाचा गोळा अडकतो. दुखणं अपेंडिक्ससारखंच वाटतं. पोट फुगलंय, हिरवी उलटी होतेय, अशा वेळी घरात जुलाब देत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.