‘प्रत्येक फोटोला पन्नास कीवर्ड द्या’ म्हणणाऱ्यांना

देवगडला माझ्या मावसबहिणीची हापूसची बाग आहे. पेट्या विकायला तिची एक छोटी वेबसाइट आहे. गेल्या आठवड्यात तिला व्हॉट्सअ‍ॅपवर तो ‘गूगलच्या पहिल्या पानावर येण्याचे ५ हमखास कोडिंग उपाय’ वाला फॉरवर्ड मिळाला. उद्योजकांच्या तीन ग्रुपमध्ये मीही तो पाहिला होता आणि दुर्लक्ष केलं होतं. ताईने मात्र दोन रात्री जागून पाचही उपाय केले आणि मला फोन केला, ‘‘बघ रे, नीट झालंय का?’’ तेव्हाच बोललो असतो तर तिची जागरणं वाचली असती.

उपाय असे: कीवर्ड्सच्या (लोक शोधताना टाइप करतात त्या शब्दांच्या) मेटा टॅगमध्ये, म्हणजे पानाच्या कोडमधल्या न दिसणाऱ्या नोंदीत, दोनशे शब्द भरा. पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत गावांची नावं लिहा. प्रत्येक फोटोच्या ऑल्टमध्ये, म्हणजे कोडमधल्या त्याच्या वर्णनात, पन्नास कीवर्ड टाका. महत्त्वाचं प्रत्येक वाक्य एच-वन, म्हणजे पानावरचं मुख्य शीर्षक, करा. स्कीमात, म्हणजे शोधयंत्रासाठी कोडमध्ये दिलेल्या माहितीत, स्वतःला पाच तारे द्या.

पहिल्याचा निकाल कधीच लागलाय. क्रमवारी ठरवताना आपण कीवर्ड्सचा मेटा टॅग वापरत नाही, हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये आपल्या अधिकृत ब्लॉगवर लिहिलं. गूगलमधले तेव्हाचे अभियंते मॅट कट्स यांनी ते स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं. इतकी वर्षं झाली तरी तोच सल्ला लोकांच्या माथी मारला जातोय.

दुसरा उपाय नुसता निरुपयोगी नाही, घातक आहे. पांढऱ्यावर पांढरी अक्षरं हे गूगलच्या स्पॅम धोरणात लपवलेल्या मजकुराचं दिलेलं उदाहरणच आहे. अशी साइट खाली ढकलली जाऊ शकते, निकालांतून पूर्ण काढलीही जाऊ शकते. हंगाम तोंडावर असताना हे झालं तर नुकसान कोणाचं? फॉरवर्ड लिहिणाऱ्याचं नक्कीच नाही.

पण माझा खरा राग तिसऱ्यावर आहे. ऑल्ट म्हणजे फोटो न दिसणाऱ्यासाठी लिहिलेलं त्याचं वर्णन. ताईचे एक गिऱ्हाईक पुण्यातले निवृत्त शिक्षक आहेत, त्यांना दिसत नाही. फोनवरचं टॉकबॅक पान वाचून दाखवतं, ते ऐकून ते मागणी नोंदवतात. आता तिच्या पानावर अकरा फोटो आहेत आणि अकराही ठिकाणी ‘देवगड हापूस ओरिजिनल हापूस बेस्ट हापूस ऑनलाइन हापूस पुणे मुंबई ठाणे नाशिक’ अशी माळ. मी डोळे मिटून टॉकबॅकवर ते पान ऐकलं. चौथ्या फोटोलाच फोन बंद करावासा वाटला. आणि त्या अकरांपैकी एक फोटो दरपत्रकाचा आहे! चार डझनाची पेटी केवढ्याला, पाच डझनाची केवढ्याला, हे फक्त त्या चित्रात. गुरुजी दर शोधायला गेले तर ऐकू येतं ‘बेस्ट हापूस ऑनलाइन हापूस’. पूर्वी तिथे ताईने निदान ‘दरपत्रक, फोन करा’ असं लिहिलं होतं. ते पुसून हे घातलं.

गूगललाही हे नकोय. चित्रांबद्दलच्या त्यांच्याच मार्गदर्शनात, ऑल्टमध्ये कीवर्ड कोंबू नका, वाचणाऱ्याला त्रास होतो आणि साइट स्पॅम समजली जाऊ शकते, असं लिहिलंय. ऑल्ट नीट लिहिला तर चित्रशोधात उपयोग होतो, एवढं फॉरवर्डमधलं अर्धसत्य मी मान्य करतो. पण नीट म्हणजे ‘पेंढ्यात रचलेले पिकलेले हापूस, लाकडी पेटी’. नुसत्या सजावटीच्या नक्षीला ऑल्ट रिकामा ठेवायचा, म्हणजे टॉकबॅक तिला वगळून पुढे जातं.

एच-वन दहा केल्याने शिक्षा होत नाही, फायदाही होत नाही. शीर्षकावरून शीर्षकावर उड्या मारत पान ऐकणाऱ्याला मात्र सगळंच शीर्षक झालं की वाट सापडत नाही.

राहिलं स्कीमा. हेही पूर्ण खोटं नाही, हे नाइलाजाने सांगतो: उत्पादनाची किंमत आणि माल शिल्लक आहे की नाही, हे स्कीमात दिलं तर शोधनिकालात दिसू शकतं. हमी कोणीच देत नाही. पण ग्राहकाने न दिलेले तारे आपणच लिहिणं ही फसवणूक आहे, आणि जे पानावर दिसत नाही ते स्कीमात घालायला गूगलचे नियमही मनाई करतात.

पाचांतला एकही उपाय शीर्षकाच्या टॅगबद्दल, म्हणजे पानाला कोडमध्ये दिलेल्या नावाबद्दल, बोलत नाही, याचंच मला सर्वांत आश्चर्य वाटलं. ताईच्या पहिल्या पानाचं शीर्षक नुसतं ‘होम’ होतं. शोधणाऱ्याला निकालात सहसा तेच आधी दिसतं.

रविवारी आम्ही दोघांनी बसून सगळं उलटं फिरवलं. शीर्षक ‘देवगड हापूस, बागेतून घरपोच’ केलं. पांढरी अक्षरं आणि तारे काढले. दरपत्रकाचं चित्र काढून साधा तक्ता केला, आकडे चित्रात नव्हे तर मजकुरात लिहिलेले, गूगललाही वाचता येणारे. मग ताईने गुरुजींना फोन लावला आणि पान ऐकायला सांगितलं. पाच डझनाचा दर त्यांनी तिला वाचून दाखवला.