‘शाळेत गणित होतं का तुम्हाला?’ होतं!

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायचं नाही असं ठरवून आडवा झालो, पण झोप काही लागली नाही.

तुम्ही लिहिलंय: “२ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १ ही सर्वांत मोठी मूळ संख्या, हे चूक. शिवाय चार कोटी अंकांची संख्या भागून पाहिली कोणी? न भागता मूळ म्हणणं ही श्रद्धा झाली. शाळेत गणित होतं का तुम्हाला? आणि चाचणी का चालते, ते लेखात कुठेच नाही.”

पहिलं मान्य. ‘ज्ञात’ हा शब्द राहून गेला. मूळ संख्या अनंत आहेत हे युक्लिडपासून ठाऊक आहे, मलाही आहे.

आता शाळा. आठवीत असताना मी २०४७ ही मूळ संख्या आहे असं फळ्यावर ठणकावून लिहिलं होतं. २ पासून १९ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं, कंटाळलो आणि थांबलो. पुढचाच भाजक २३ होता. २३ गुणिले ८९. वर्ग हसला. तेव्हा भागून पाहण्यावर किती विसंबायचं, हे मला कोणी शिकवायला नको. असा प्रश्न त्या वर्गातल्या टवाळ पोरांनीसुद्धा मला विचारला नव्हता.

‘श्रद्धा’ म्हणता ती चाचणी ही, २ चा घात वजा १ अशा संख्यांसाठी: ४ घ्या. वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा, पुन्हा तेच. (हो, भागाकार आहे. पण तो त्या संख्येनेच. तिचे भाजक शोधत बसायचं नाही.) ३१ म्हणजे २ चा ५ वा घात वजा १, म्हणून ५ वजा २, तीन फेऱ्या: ४, १४, ८, ०. शेवटी शून्य, म्हणून ३१ मूळ. २०४७ मध्ये घात ११, म्हणून नऊ फेऱ्या, आणि शेवटी उरतात १७३६. शून्य नाही, म्हणजे संयुक्त. २३ चं नावही घ्यावं लागलं नाही! वही घेऊन बसा, अर्ध्या तासाचं काम आहे. तेवढा वेळ प्रतिक्रिया लिहायला गेलाच असेल.

आणि हे आजचं खूळ नाही. २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या मूळ नाही हे फ्रेंच गणितज्ञ ल्युकास यांनी १८७६ मध्येच दाखवलं, एकही भाजक हाती नसताना. १९,३७,०७,७२१ हा तिचा भाजक अमेरिकन गणितज्ञ कोल यांनी १९०३ मध्ये मांडला. मधली २७ वर्षं लोक श्रद्धेवर होते म्हणायचं का? २०२४ मध्ये सापडलेल्या, ४,१०,२४,३२० अंकांच्या त्या संख्येवरही हीच चाचणी चालवली, फक्त वहीच्या जागी संगणक होते.

चाचणी का चालते ते लेखात नाही. नाहीच. तो लेखाचा विषय नव्हता.

‘ज्ञात’ आत्ताच घातला आहे. खाली तुमचे आभारही मानणार होतो, पण शाळेचं वाक्य पुन्हा वाचलं.