‘ऐपत नसेल तर धंदा कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नकली ट्रॅफिकचा मोठा हल्ला (डीडॉस) आला की लहान इंटरनेट प्रोव्हायडर ज्या आयपी पत्त्यावर हल्ला आहे तोच ब्लॅकहोल करतो, म्हणजे त्या पत्त्याकडे येणारं सगळंच ट्रॅफिक टाकून देतो, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया : ‘हा निव्वळ आळस आहे. चांगली फायरवॉल घ्यायची ऐपत नसेल तर धंदा कशाला करता?’ मतभेद असू द्यात, पण रात्री-अपरात्री उठून नेटवर्क सांभाळणाऱ्यांना आळशी म्हणायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

फायरवॉल, म्हणजे नको ते ट्रॅफिक गाळणारी यंत्रणा, बसते आमच्या टोकाला. अपस्ट्रीमकडून, म्हणजे आम्हाला इंटरनेट पुरवणाऱ्या मोठ्या प्रोव्हायडरकडून, येणारी लिंक सेकंदाला १० गिगाबिटची आणि तिच्यावर ४० गिगाबिटचा कचरा लोटला, तर लिंक फायरवॉलच्या आधीच तुंबते. ग्राहकांची खरी पॅकेट्स वाटेतच गळून पडतात, मग आम्ही गाळायचं काय? २०१८ साली गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर मेमकॅश्ड (डेटा तात्पुरता साठवणारं सॉफ्टवेअर) चालवणाऱ्या सर्व्हरच्या आडून १.३५ टेराबिट प्रतिसेकंदाचा मारा झाला, तेव्हा त्यांनीही ट्रॅफिक अकामाई या हल्ले गाळून देणाऱ्या कंपनीकडे वळवलं. त्यांचीही ऐपत काढणार का?

मी स्वतः अनेक वर्षं एका लहान प्रोव्हायडरकडे हेच काम केलंय. ग्राफ सरळ वर चढतो आणि एकदम सपाट होतो, म्हणजे लिंक भरली. लगेच फोन सुरू होतात, कारण लिंक सगळ्यांची एकच. मग नेटफ्लोमध्ये (कुठून कुठे किती ट्रॅफिक जातंय याची नोंद) ज्याच्यावर हल्ला आहे तो पत्ता शोधायचा, त्या एकट्या पत्त्याचा /३२ रूट ६५५३५:६६६ ही कम्युनिटी, म्हणजे ‘हे टाकून द्या’ अशी खूण, लावून बीजीपीवर (नेटवर्क एकमेकांना रस्ते कळवतात ती पद्धत) जाहीर करायचा. अपस्ट्रीमने ती मानली की त्या पत्त्याचं सगळं ट्रॅफिक तो तिकडेच टाकून देतो. एक ग्राहक बंद पडतो, बाकीचे सुटतात. हल्लेखोराला हवं तेच यातून होतं, हे तुम्ही सांगायची गरज नव्हती. एंटर दाबताना आमचाही हात जड होतो.

ग्राहकाला ताबडतोब फोन करून कळवायला हवं, हे तुमचं म्हणणं मात्र रास्त आहे. लेखात ते घालतो.

स्पॅमवरच्या बाकी मुद्द्यांत फारसा दम नाही. पोर्ट २५, म्हणजे मेल सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो आणि स्पॅमवाले वापरतात तो दरवाजा, ग्राहकांसाठी बंद ठेवणं ही तुम्हाला दादागिरी वाटते. मेल पाठवायला पोर्ट ५८७ आहे, वापरा. सीजीनॅटमागचा (अनेक घरं एकच आयपी पत्ता वाटून घेतात ती व्यवस्था) एखादाच बाधित कॉम्प्युटर स्पॅम ओकायला लागला की तो पत्ता ब्लॅकलिस्टमध्ये जातो आणि त्यामागची सगळी घरं अडकतात. त्यांनी कुणाकडे बघायचं?

भरलेल्या लिंकवर तुम्ही नेमकं काय कराल ते लिहा, मी वाचेन. ‘आळस’ हा शब्द मात्र आधी मागे घ्या.